चाळीस फुटी गोल

त्या हंगामात आम्ही पाच सामने खेळलो आणि पाचही हरलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मनात उगाच आशा धरायला नको. आमच्याकडे फुटबॉलची गोष्ट काढली की समोरचा शेवटी "मंग जिंकले का?" असं विचारतोच, आणि नाही म्हटलं की त्याचं लक्ष लगेच मोबाईलकडे जातं. तर नाही. बिलकुल नाही. एकतीस गोल खाल्ले आणि एकही केला नाही. तरी त्या दोन-अडीच महिन्यांत मी जेवढा हसलो तेवढा नंतर कधी हसलो नाही, आणि आता तर बायको-पोरंबाळं आणि बियाण्याच्या कंपनीतली नोकरी असल्यावर तसं हसायचं म्हटलं तरी वेळ कुठून काढायचा.

आमचं कॉलेज जालन्याच्या बाहेर. एका बाजूला एमआयडीसीची धुराडी, दुसऱ्या बाजूला कपाशी, आणि मधे मैदान. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट असे चार खेळ तिथं चालायचे. त्या वर्षी कॉलेजला गुण द्यायला बाहेरून समिती येणार होती आणि तिच्या फॉर्मवर मैदानी खेळांसाठी रकाने होते पाच. प्राचार्यांनी तो पाचवा रकाना बघितला, क्रीडाशिक्षकांना बोलावलं, आणि दुपारी नोटीस लागली की फुटबॉलचा संघ निवडणे आहे. रकाना रिकामा राहू नये म्हणून जन्माला आलेले आम्ही अकरा जण.

सर पक्के कबड्डीवाले. फुटबॉलचे नियम त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि रोज दोन पानं आम्हाला उभ्यानं वाचून दाखवली. संघही कबड्डीतूनच उचललेला. त्यामुळं झालं काय, की आमचा कप्तान बॉल घेऊन पलीकडच्या हद्दीत शिरला की श्वास रोखून धरायचा. समोरच्या एखाद्या गड्याला हात लावायचा आणि जीव घेऊन मधल्या रेषेकडे पळत सुटायचा. बॉल तिकडंच. इकडं येऊन तो छाती फुगवून आमच्याकडं बघायचा, जसं काही एक गुण घेऊन आला. सर सवयीनं टाळ्या वाजवायचे, मग त्यांच्या लक्षात यायचं, मग ते कागद काढून बघायचे की असं काही नियमात आहे का.

मला गोलकीपर केलं त्याला कारण माझे आजोबा. आमचं घराणं मेंढरांचं. आजोबांनी जन्मभर अंबड तालुक्यात मेंढरं वळली, अप्पा म्हणजे माझे वडील सळईच्या मिलमध्ये लागले, आणि मी कॉलेजात गेलो. पण सुट्टीत मी आजोबांच्या तळावरच असायचो आणि पळतं कोकरू मागच्या पायाला धरायचं काम माझं. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्याकडं बॉल लाथाडला, मी आडवा पडून तो पकडला, दुसरा पकडला, तिसरा पकडला. सर म्हणाले, "ए गड्या, तू हालायचं न्हाई इथून." जमिनीवरून पळणारं काहीही मी पकडायचो. हवेतून जाणारं मात्र आमच्या घराण्यात कुणी कधी पकडलेलं नव्हतं, पण ते तेव्हा कुणी विचारलंही नाही.

आता गोल. मैदानावर गोल नव्हताच. सरांनी कागदावर माप लिहून दिलं: उंची आठ फूट, रुंदी चोवीस फूट. तो कागद मी घरी नेला. अप्पा जेवायला बसले होते. त्यांनी डाव्या हातात कागद धरला आणि घास तसाच ठेवून म्हणाले, "आठ, चोवीस, आठ. किती झाले?"

"चाळीस," मी म्हणालो.

अप्पा उठले. हात धुवायचेही राहिले. कारण मिलमधून निघणारी सळई असते बरोब्बर चाळीस फुटांची. ना एक फूट कमी, ना जास्त. अप्पा मला म्हणाले, "लेका, हा खेळ ज्यानं काढला तो मिलमधलाच माणूस असणार." त्या आनंदात त्यांनी माझ्या मायला दोनदा बेरीज करून दाखवली. ती म्हणाली, कळलं, आता भाकरी खावा.

मिलच्या शेठजींनी दोन जाड सळया दिल्या. माल पोचवायला निघालेल्या गाडीवर त्या आल्या आणि अप्पांनी मिलमधल्या दोन-तीन जणांना घेऊन मैदानावरच त्या वाकवल्या. आठ फुटांवर एक बाक, पुढं चोवीस फुटांवर दुसरा बाक. एक सळई म्हणजे एक गोल. खड्डे खणले, दोन-दोन फूट सळई आत घातली, मुरूम आणि दगड ठासले. मागं आजोबांची मेंढरं कोंडायची जाळी लावली. वरचा दांडा मधे चार बोटं झुकला होता, पण अप्पांना त्याचं काही नव्हतं. सळईच्या अंगावरच्या काट्यांवरून हात फिरवत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एकसुद्धा जोड न्हाई. बघा कुठंबी. अख्खी हाय."

हुशार वाचकाच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. आमच्या नाही आलं. अप्पांच्या नाही, सरांच्या नाही, आणि मैदानाला वळसा घालून कौतुकानं बघून गेलेल्या प्राचार्यांच्याही नाही. जालन्याची माणसं सळई बनवतात, बांधतात, गाडीत भरतात आणि देशभर पाठवतात. ती जमिनीत किती जाते हे जिथं ती जाते तिथल्यांनी बघायचं. मोबाईलवर आम्ही परदेशातले सामने बघायचो, पण मोबाईलमधला गोल दोन बोटांएवढा असतो, त्यावरून काय समजणार.

त्या गोलात मला कुणी हरवू शकत नव्हतं. रोज संध्याकाळी कप्तान आणि मंडळी बॉल मारून थकायची. जरा उंच मारला की दांड्यावरून बाहेर, खाली मारला की माझ्या हातात. सरांनी म्हणूनच सगळ्यांना ताकीद दिली होती की बॉल खाली ठेवा, जमीन सोडू नका. अप्पा पाळी संपवून मोटारसायकलवरून येताना कुंपणापाशी पाच मिनिटं थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सांगायचे की माझ्या सळईतून पोरगा बॉल जाऊ देत नाही. भट्टीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. कॉलेजात शिकणारा घरातला मी पहिलाच, पण परीक्षेतलं अप्पांना काही सांगता यायचं नाही. हे सांगता यायचं. त्यांनी सामन्याच्या दिवशी त्यांच्याच गोलात मला उभं बघावं आणि एकही बॉल आत जाऊ नये, एवढं एकच मला त्या वर्षी पाहिजे होतं. पास होण्यापेक्षाही जास्त.

विभागातल्या सहा कॉलेजांनी ठरवलं होतं की प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. सामना कुणाच्या मैदानावर हे चिठ्ठ्या टाकून. सरांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि पहिले चारही सामने बाहेरगावी लागले, शेवटचा तेवढा घरी. सरांचा हात कबड्डीत कधी चुकला नव्हता म्हणे.

पहिल्या सामन्याला आम्ही टेम्पोत गाणी म्हणत गेलो. मी गोलात जाऊन उभा राहिलो, सवयीनं हात वर केला आणि दांडा हाताला लागला नाही. उडी मारली, तरी नाही. मी सरांना हाक मारली. सर आले, वर बघितलं, आणि हळूच म्हणाले, "यांनी गोल उंच करून ठेवलाय. डाव हाय हा. तू खेळ."

सात गोल झाले. सातही माझ्या डोक्यावरून. आमच्या बाजूनं कप्तान एकदा पलीकडं जाऊन तिघांना हात लावून सुखरूप परत आला. परतीच्या टेम्पोत सगळे गुडघे चोळत बसले होते. मग कुणीतरी म्हणालं, कप्तानाचे तीन गुण धरले तर सात-तीन. त्यावर जे हसू फुटलं ते जालन्याच्या नाक्यापर्यंत थांबेना. टेम्पोवाल्यानं गाडी बाजूला घेऊन विचारलं, "जिंकून आले का काय?"

दुसऱ्या गावीही गोल उंच. नऊ खाल्ले. तिसऱ्या गावीही उंच. चार खाल्ले, आणि चारच म्हणून आम्ही येताना पेढे घेतले. चौथ्या गावी कप्तानानं उतरल्या उतरल्या आधी दांड्याखाली जाऊन हात वर केला आणि लांबूनच आम्हाला खूण केली की यांचाबी तसलाच. सहा खाल्ले. आता बघा, अकरा जाणती पोरं, एक पंचवीस वर्षांची नोकरी झालेला शिक्षक. चार गावांचे चार गोल बघितले, चारही सारखे, आणि आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की आपलाच वेगळा असेल. उलट आमची खात्री पटत गेली की आपल्याविरुद्ध सगळी कॉलेजं आतून एक झालीत. हरताना असं काही हाताशी असलं की माणूस मजेत राहतो. आम्ही फार मजेत होतो.

सर मात्र पत्रं लिहायचे. प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर कॉलेजच्या शिक्क्याचं एक पत्र जायचं: आपल्या मैदानावरील गोल अवाजवी उंच आढळला, तरी योग्य ती दुरुस्ती करून या कार्यालयास कळवावे. तिघांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्यांचं आलं. सरांनी ते आम्हाला मैदानावर उभं करून वाचून दाखवलं. "आमचा गोल नियमाप्रमाणे आहे. आपण कृपया आपला मोजून घ्यावा."

"आपला मोजून घ्यावा म्हणे," सर म्हणाले. "हरलेल्या माणसाला असं बोलत्यात का? चला, दोन फेऱ्या."

सगळे फेऱ्या मारायला पळाले. मी बुटाची नाडी बांधायला म्हणून गोलापाशी बसलो आणि उगाच वीत टाकत वर गेलो. आठ विती. माझी वीत नऊ इंचांची, हे मला शाळेपासून माहीत. पुन्हा टाकल्या. पुन्हा आठच. सहा फूट. मग मी खाली बघितलं, सळई जिथं मातीत शिरते तिथं. दोन फूट आत.

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. मला नाचावंसं वाटलं. म्हणजे मी वाईट कीपर नाही, मला खोट्या मापात शिकवलंय, सव्वीसच्या सव्वीस गोल माझे नाहीत. पळत जाऊन सरांना सांगणार तेवढ्यात दुसरं मनात आलं, की मग कुणाचे? आणि मी बुटाची दुसरी नाडीही बांधायला लागलो.

शेवटचा सामना आठ दिवसांवर होता. अप्पांनी पाळी बदलून घेतली होती. एवढंच नाही, मिलमधल्या सात जणांना टेम्पोत घालून आणणार होते. बाहेरगावचे सव्वीस गोल त्यांनी मनावरच घेतले नव्हते. "ते गोल आपले न्हाईत," ते म्हणायचे. "आपल्या गोलात येऊ दे, मंग बघू." सामन्याच्या दोन दिवस आधी ते पांढऱ्या ऑईलपेंटचा डबा घेऊन मैदानावर आले. मी डबा धरून उभा, ते ब्रश मारत होते. दांडा रंगवायला त्यांना स्टूल लागलं नाही, नुसते हात वर करून रंगवत गेले. मी मनात म्हणत होतो, अप्पा, आठ फुटांवर तुमचा हात पोचतो का, जरा बघा ना. आणि दुसऱ्या मनानं म्हणत होतो, नका बघू.

"अप्पा," मी म्हणालो.

"हं?"

"काही न्हाई. इथं राह्यलं थोडं."

त्यांनी तिथं ब्रश फिरवला आणि मागं सरून गोलाकडं बघत राहिले. "जोड न्हाई एकबी," म्हणाले. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी जेवताना माय म्हणायची, पोरगं टेन्शन घेऊन राह्यलं खेळाचं. अप्पा म्हणायचे, घेऊ दे, तिकडच्यांनी घ्यायला पाहिजे.

सामन्याच्या दिवशी मैदानावर चांगली दोनशे माणसं होती. मिलची मंडळी माझ्याच गोलाच्या मागं जाळीला नाक लावून बसली. समोरचा संघ त्या हंगामात एकही सामना न हरलेला. त्यांनी पहिल्याच मिनिटाला बॉल मारला, दांड्यावरून एक हात वर. दुसरा, एक हात वर. तिसरा, चौथा, सगळे उंच. प्रत्येक बॉल वरून गेला की मिलवाले उठून फटाका वाजल्यासारखे ओरडायचे आणि अप्पांच्या पाठीवर थापा मारायचे. समोरचे खेळाडू आपल्या बुटांकडं बघत होते. खालून आलेले दोन मी कोकरासारखे झडप घालून धरले. आमच्या पोरांना तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. हंगामात पहिल्यांदा अर्धा तास होऊन गेला होता आणि आम्ही हरत नव्हतो. कप्तान परत पळत येताना वाटेत सरांना मिठी मारून गेला.

आणि मग आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल उंच गेला, त्यांचा कीपर, सहा फुटी धिप्पाड गडी, तो पकडायला जीव खाऊन उडाला, आणि कपाळ सळईवर. टण्ण असा जो आवाज झाला तो मैदानभर घुमत राहिला. मिलचा माल, अस्सल. सळईला काही झालं नाही. तो बिचारा खाली बसला आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. सगळे गोळा झाले. पंचांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग दांड्याकडं, मग सहज हात वर करून दांड्यावर कोपर टेकवलं. मी आमच्या गोलातून हे बघत होतो आणि मला कळलं की संपलं.

"टेप आहे का कुणाकडं?" पंचांनी विचारलं.

आता मिलमधल्या माणसाच्या कमरेला टेप असतोच. अप्पा उठले, शर्ट खाली ओढला आणि सगळं मैदान तिरपं ओलांडून चालत गेले. मीही धावत गेलो, कशाला ते माहीत नाही. अप्पांनी टेप काढून पंचांच्या हातात दिला. "मापा सायब. बराबर चाळीस फुटाची हाय. मीच केलाय."

खालचं टोक त्यांनीच धरलं. "सहा फूट," पंच म्हणाले.

"पुन्यांदा बघा."

"सहा."

अप्पा खालीच बसले होते. सळई जिथं मातीत जाते तिथं त्यांनी बोटानं माती जराशी उकरली. "दोन फूट आत गेलं," ते म्हणाले. "जमिनीचं माप धरायचंच राह्यलं."

मग अप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी टेंगूळवाल्याकडं बघायला लागलो. एवढंच पुरलं त्यांना. त्यांनी टेप गुंडाळून कमरेला लावला. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते बघून मला आधीच्या सगळ्या गोलांचं मिळून झालं नव्हतं एवढं दुःख झालं. शेजारी सर उभे होते. ते पंचांना अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी चार कॉलेजांना पत्रं पाठवली हायत हो."

पहिला हसला तो टेंगूळवाला. कपाळावर हात धरून तो असा हसायला लागला की त्याच्याकडं बघून आमचा कप्तान, मग पंच, मग दोन्ही संघ. सरसुद्धा. सामना सोडा नाहीतर गोल आठ फूट करा, असं पंचांनी सांगितलं तेव्हा ते डोळे पुसत होते.

अप्पा एकटे हसले नव्हते. त्यांनी मिलच्या मंडळींना हाक मारली. "पहारी आणा. उपटा दोन्ही." कॉलेजच्या माळ्याकडून दोन पहारी आल्या, दगड-मुरूम निघाला, आणि आठ माणसांनी दोन्ही गोल मातीतून वर काढून जमिनीवर नुसते टेकवले. आता आठ फूट, सळई अख्खी कामाला. पण रोवणार कशात? त्यावर अप्पांनीच तोड काढली. लग्नाच्या मांडवाचे खांब धरतात तसे चार खांबांना दोन-दोन माणसं. अप्पा माझ्या उजव्या खांबाला.

दुसऱ्या हाफात मी खऱ्या गोलात उभा, आणि बाप चार पावलांवर सळई धरून. समोरच्या पोरांना तर कुलूप उघडून दिल्यासारखं झालं. पहिला बॉल डोक्यावरून आत. खांब हलला, अप्पा म्हणाले, "हं." दुसरा आत. "हं." तिसरा, चौथा. मी अप्पांकडं बघणंच सोडलं. पाचवा गेला तेव्हा डाव्या खांबाचा मिलवाला मला म्हणाला, "बेटा, तू जरा दमानं घे," आणि मला रडू की हसू समजेना. मैदान मात्र हसत होतं, आमची पोरंही हसत होती, कारण हरायला लागल्यावर त्यांना घरी आल्यासारखं वाटत होतं.

शेवटची दोन मिनिटं. त्यांच्या कप्तानानं लांबून उंच बॉल टाकला. तो फिरत फिरत येताना मला दिसत होता, आणि नेहमीसारखे माझे गुडघे खाली वाकले, हात जमिनीकडं. तेवढ्यात उजवीकडून अप्पा ओरडले, "घार!"

आजोबांच्या तळावर कोंबड्या असायच्या. पिल्लांवर घार आली की आजोबा हीच आरोळी द्यायचे, आणि असेल तिथं, असेल त्या माणसानं दोन्ही हात वर करून उडी मारायची. घार कुणी पकडत नाही. नुसती हाकलायची. मी चालायला लागलो तेव्हापासून ते माझ्या अंगात आहे. मी दोन्ही हात वर करून, तोंडानं हुर्र करत, अशी उडी मारली की तशी पुन्हा मारली नाही. बोटांच्या टोकांना बॉल लागला, दांड्यावर आदळला, टण्ण झालं, खांब धरलेल्या चौघांच्या हातात सळई झणझणली असेल, आणि बॉल मागं कपाशीत गेला.

पाच-शून्य हरलो. मिलवाल्यांनी मला खांद्यावर घेतलं. हरलेल्या कीपरला खांद्यावर घेऊन मिरवतात हे समोरच्या संघाला काही कळेना, पण टेंगूळवालाही नाचायला आला.

घरी जाताना मी अप्पांच्या मागं मोटारसायकलवर. एमआयडीसीच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला. मग म्हणाले, "किती दिवस ठावं व्हतं?"

"आठ."

"काहून न्हाई बोल्ला?"

"तुम्ही सगळ्या मिलला सांगितलं होतं."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, बापाला रडवलं आपण. वाकून बघितलं तर ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी. "त्या मास्तरानं," ते कसंबसं म्हणाले, "चार कॉलेजांला पत्रं धाडली." मग मलाही आवरेना. मागून मिलवाल्यांचा टेम्पो येऊन थांबला. पंक्चर झालं का म्हणून त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघं अजूनच हसायला लागलो.

त्या रविवारी अप्पा मिलमधून दोन-दोन फुटांचे चार तुकडे आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन मैदानावर आले. चारही खांबांना खालून तुकडे जोडले. एकसुद्धा जोड नाही म्हणून मिरवलेल्या सळईला चार जोड. खड्ड्यात घालून दगड ठासले तेव्हा ते मातीखाली गेले, आणि अप्पांनी टेप लावून मला दांड्याखाली वाचायला सांगितलं. आठ फूट.

"आता बराबर," ते म्हणाले. "आता हितून जे आत जातील ते तुझे. आधीचे सगळे माझे."

मी म्हणालो, "शेवटचे पाच तरी माझेच आहेत. तेव्हा गोल बरोबर होता."

अप्पांनी टेप कमरेला अडकवला आणि बॉल उचलला.

"खांब कुणी धरला व्हता?" ते म्हणाले. "तेबी माझेच. चल, उभा राह्य." आणि त्यांनी बॉल उंच टाकला.